शरणपूरची आफ्रिकी लेकरे

भुसावळहून खंडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूर मागे पडले, की सातपुड्याच्या एका उंच डोंगरावर असीरगड लागतो. आज तो मध्य प्रदेशात मोडतो; परंतु खानदेशावर फारुकी सुलतानांची सत्ता होती तेव्हा तापीकाठच्या साऱ्या मुलखाची किल्ली या गडावर असे. १६०० साली अकबराने त्याला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. या मोहिमेत अकबरासोबत दोन येशूसंघीय होते. एक संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कुळातील फादर जेरोम झेवियर आणि दुसरे ब्रदर बेनेडिक्ट गोइश. त्यांच्या पत्रांच्या आधारे युरोपात जो वृत्तान्त छापला गेला त्यात असे म्हटले आहे की, गडाचे किल्लेदार हबशी होते. सुलतान बहादूर खान यांना बोलणी करण्यासाठी म्हणून खाली बोलावून अडकवून ठेवण्यात आले. त्याचा जाब विचारण्यास किल्लेदारांनी आपल्या मुलाला पाठविले, तो मारला गेला. आणि अशा वचनभंगी राजाचे तोंड पाहावयाचे नाही म्हणून त्या वृद्ध पित्याने स्वतःचा जीव दिला. या वृत्तान्ताविषयी इतिहासकारांत एकमत नाही. फारसी बखरकार तपशील निराळे देतात. पण खानदेशाच्या शेवटच्या स्वतंत्र सुलतानाचा गड एका आफ्रिकी सरदाराने राखला होता, एवढे दोन्हीकडे आहे.

येशूसंघीयांच्या वृत्तान्तात या किल्लेदारांचा वर्ण आहे, वंश आहे, स्वाभिमान आहे. नाव मात्र नाही. ते फारसी ग्रंथांतून मिळते : याकूत. याकूत म्हणजे माणिक. गुलामांच्या बाजारात माणसाला रत्नाचे अथवा सुगंधी द्रव्याचे नाव देण्याची चाल होती. काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन, अंबर हेही सुगंधी द्रव्यच. ज्या मलिक अंबर यांनी १६१० साली खडकी नगर वसविले, जेथे आजचे छत्रपती संभाजीनगर आहे, आणि बुऱ्हाणपुराला तळ देऊन बसलेल्या मोगलांना वर्षानुवर्षे सळो की पळो करून सोडले, त्यांचे इथिओपियातील जन्मनाव चापू होते असे सांगतात. बगदादच्या बाजारातून ते दख्खनेत आले तेव्हा ते नाव वाटेतच कोठे तरी गळून गेले होते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्यांच्या काळ्या वर्णावरून शिव्यांची लाखोली वाहिली आहे. आणि त्याच अंबर यांच्या फौजेत मराठे सरदार मानाने चाकरी करीत होते.

काळ्या वर्णाचा माणूस परमुलखात कोणाचा, हा प्रश्न अलीकडे लंडन, पॅरिस, रोम या नगरींसंबंधाने चर्चिला जातो. गोऱ्यांच्या देशात जन्मलेल्या काळ्या तरुणाला 'तू मूळचा कुठला?' असे पुन्हा पुन्हा विचारले जाते आणि तो कितीही पिढ्या तेथला असला तरी उत्तर पुरे पडत नाही, असे आपण वाचतो. वाचून हळहळतो. हा प्रश्न आपल्या दारातही उभा राहून गेला आहे, हे मात्र आपल्या ध्यानात नसते. म्हणूनच आज शरणपूरची गोष्ट आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दर फेब्रुवारीत जळगाव, धुळे, भुसावळ येथील आपली शेकडो कुटुंबे नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेस जातात. नाशिक शहरात शिरल्यावर शरणपूर रोड हे नाव दुकानांच्या पाट्यांवर सर्वांनी वाचलेले असते. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. १८५४च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक शहराबाहेर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख प्रवर्तक. ती वसाहत आपली, म्हणजे कॅथलिकांची नव्हे, प्रोटेस्टंट बांधवांची. त्यामुळे आपल्या धर्मग्रामांच्या इतिहासात तिचा उल्लेख येत नाही. येथे शरण आलेल्यांत मराठी नवख्रिस्ती होते. आणि त्यांच्यासोबत शेकडो कोस समुद्रापलीकडून आणलेली आफ्रिकी मुलेमुलीही होती.

ही मुले येथे कशी आली? पूर्व आफ्रिकेत न्यासा सरोवराच्या आसपास गुलामांचे व्यापारी गावे लुटीत. पकडलेली माणसे दोराने बांधून किल्वा बंदराकडे चालविली जात, तेथून झांझिबारला आणि झांझिबारहून गलबतांनी अरबस्तान व इराणी आखाताकडे. ब्रिटिश आरमाराची जहाजे ही गलबते वाटेत पकडीत. पकडलेल्या गलबतातील माणसे स्वतंत्र झाली, हे खरे. पण आठ-दहा वर्षांच्या पोराला स्वातंत्र्य देऊन पाठवायचे कोठे? गाव जळालेले, आईबाप मेलेले अथवा विकले गेलेले, आणि पोराला गावाचा रस्ताही ठाऊक नाही. अशी कित्येक मुले मुंबईत उतरविली गेली. काही घरोघर चाकरीला लागली, काही मिशनांकडे सोपविली गेली. शरणपूरच्या 'आफ्रिकन असायलम'चा जन्म यातून झाला. या मुलांच्या कामाशी चार्ल्स विल्यम आयझेनबर्ग या जर्मन मिशनऱ्यांचे नाव जोडलेले आहे. ते पूर्वी इथिओपियात राहिलेले होते आणि तेथील अम्हारी भाषेचा कोश त्यांनी रचला होता.

शरणपुरात मुलांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई. इंग्रजी शिकविली जाई. अवतीभवती वस्ती मराठी माणसांची. ही मुले गोदेच्या परिसरात, मराठी ख्रिस्ती शेजाऱ्यांत वाढली. बाप्तिस्मा झाला आणि नवी नावे मिळाली : जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग. नावांकडे पाहिले तर कोणाला ही यॉर्कशायरची नाही तर जर्मनीची मंडळी वाटतील. काही नावे तर मिशनऱ्यांचीच. ज्यांनी वाचविले त्यांनी प्रेमाने आपले नाव दिले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु याओ जमातीतील एका पोराला त्याच्या आईने दिलेली हाक या नोंदींत कोठे उतरली नाही.

येथे भाषेविषयी थोडे. आमच्या जुन्या पुस्तकांतून गोऱ्या प्रवाशाला 'ते' आणि त्याच्या काळ्या सोबत्याला 'तो' म्हणण्याची रूढी आहे. आम्ही ती या लेखात पाळणार नाही.

डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन आपल्या शेवटच्या प्रवासापूर्वी १८६५ साली मुंबईस आले, तेव्हा त्यांनी शरणपूरचे नऊ आफ्रिकी तरुण सोबत घेतले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकलेले चुमा हेही निघाले. शरणपूरच्या तरुणांविषयी लिव्हिंगस्टन यांचे मत फारसे चांगले झाले नाही, त्यांच्या नोंदींत तक्रारी बऱ्याच आहेत. शाळेत इंग्रजी आणि सुतारकाम शिकलेल्या मुलांनी जंगलातून ओझी वाहावीत, ही अपेक्षाच आम्हांला विचित्र वाटते. पुढे १८७२ साली आणखी सहा जण लिव्हिंगस्टन यांच्या मदतीस पाठविले गेले. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांतले.

१८७३च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियात, चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले. त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांनी तेथे जो निर्णय घेतला त्याला जोड सापडणे कठीण. चुमा आणि सुसी यांच्या पुढाकाराने त्यांनी हृदय तेथेच एका वृक्षाखाली पुरले, देह वाळवून गुंडाळला आणि तो समुद्रापर्यंत न्यायचे ठरविले. हृदय पुरताना प्रार्थना वाचली ती नाशिकच्या जेकब वेनराइट यांनी. वृक्षावर लेख कोरला तोही त्यांनी. नऊ महिने, सुमारे दीड हजार मैल ते चालत होते. वाटेत आजार, उपासमार, शकुनअपशकुनावरून अडवणारी गावे. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले. तेथे आपल्या कॅथलिक पंथाच्या पवित्र आत्मा संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी तो देह आपल्या मिशनमध्ये ठेवून घेतला. हे धर्मगुरू १८६८ पासून तेथे सोडविलेल्या गुलामांची वसाहत चालवीत होते, म्हणजे तेही एक शरणपूरच. स्कॉटलंडचा प्रोटेस्टंट प्रवासी, नाशिकचा आफ्रिकी ख्रिस्ती आणि फ्रान्सचे कॅथलिक धर्मगुरू असे तिघे त्या समुद्रकाठी एकत्र आले. त्या काळात या दोन पंथांची माणसे एकमेकांच्या उंबऱ्यावरही उभी राहत नसत, हे वृद्ध वाचकांना सांगावयास नको.

जेकब वेनराइट देहासोबत जहाजाने इंग्लंडला गेले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंगस्टन यांचा दफनविधी झाला. शवपेटीच्या दोहो बाजूंना मानाने चाललेल्या आठ जणांत सात गोरे होते आणि आठवे वेनराइट. राणी व्हिक्टोरिया यांनी त्यांना भेट दिली. चर्च मिशनरी सोसायटीच्या सभांतून ते बोलले. लंडनच्या वर्तमानपत्रांत त्यांची चित्रे आली. आणि मग? मग ते आफ्रिकेला परतले, निरनिराळ्या मिशनांत व मोहिमांत नोकऱ्या केल्या आणि १८९२ साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारले. लिव्हिंगस्टन यांच्या सोबत्यांसाठी लंडनच्या भूगोल संस्थेने साठ पदके पाडली. पण ती तयार होईपर्यंत माणसे पांगली होती, कित्येकांना ती मिळालीच नाहीत. गोऱ्यांच्या राजधानीने काळ्या माणसाला शवपेटीजवळ जागा दिली, मेजावर दिली असे दिसत नाही.

याच्याशी ताडून पाहण्यासारखे एक चरित्र आपल्याच ख्रिस्तसभेत आहे. सुदानातील दार्फूरची एक मुलगी गुलाम म्हणून पकडली गेली. पकडणाऱ्यांनी तिला बखिता, म्हणजे भाग्यवान, हे नाव दिले. भयाने ती स्वतःचे मूळ नाव विसरून गेली, ते तिला जन्मभर आठवले नाही. १८८५ साली ती इटलीला पोहोचली. व्हेनिसला कनोसियन धर्मभगिनींच्या घरी असताना मालकीण तिला परत न्यावयास आली तेव्हा तिने जावयास नकार दिला. प्रकरण न्यायासनापुढे गेले आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी ती स्वतंत्र असल्याचा निर्णय झाला. १८९६ साली ती धर्मभगिनी झाली. स्किओ या गावी तिने चाळीसहून अधिक वर्षे स्वयंपाकघर, भरतकाम, दारावरची राखण ही कामे केली. आरंभी मुले तिच्या रंगाला घाबरत, काही जण हा रंग जिभेला लागतो का ते पाहत, अशा आठवणी सांगतात. तेच गाव पुढे तिला 'मोरेत्ता', म्हणजे आमची सावळी माउली, म्हणू लागले. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी तिचे निधन झाले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी ती संत म्हणून घोषित झाली. आपल्या गावांतही कनोसियन भगिनी परिचयाच्या आहेत, परंतु संत बखिताचे नाव ठेवलेली मुलगी आमच्या बाप्तिस्म्याच्या वहीत अजून आलेली नाही.

बखिताला एक गाव मिळाले. शरणपूरच्या मुलांचे तसे झाले नाही. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी झांझिबारच्या सुलतानाशी करार घडवून आणला आणि तेथील गुलामबाजार बंद झाला. मुक्त गुलामांसाठी मोम्बासाजवळ वसाहत उभी राहिली, तिचे नाव फ्रियरटाउन. ती उभारावयास शरणपूरचे तेच प्राइससाहेब गेले आणि त्यांच्या पाठोपाठ सुमारे दीडशे आफ्रिकी ख्रिस्ती. शरणपूरचे असायलम बंद झाले. लेकरे घरी गेली, असे वाटले असेल.

पण घर कोठे होते? ही माणसे न्यासा सरोवराकडून आलेली, मोम्बासाचा किनारा त्यांना परकाच. इंग्रजी येत होती, सुतारकाम येत होते, पोशाख निराळा, हिंदुस्थानात घालविलेली वर्षे अंगात मुरलेली. तेथल्या लोकांनी त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' असे नाव दिले. नाशिकला जे आफ्रिकी होते ते आफ्रिकेत मुंबईवाले ठरले. मिशनऱ्यांची अपेक्षा अशी की त्यांनी नम्रपणे हाताखाली राहावे. यांची मागणी अशी की, शिक्षण दिलेत तर त्याप्रमाणे वेतन आणि मान द्या. खटके उडाले. मिशनच्या कागदांत त्यांना गर्विष्ठ म्हटले आहे. आमच्या मते ज्याला गर्व म्हटले गेले तो बाप्तिस्म्याचा शब्दशः घेतलेला अर्थ होता.

त्या दुखावलेल्या नावाखाली एक समाज मात्र उभा राहिला. विल्यम जोन्स यांच्याकडे पाहा. १८६४ सालीच ते, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड आपापल्या पत्नींसह मुंबईहून राबाईच्या मिशनमध्ये गेले होते. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेम्लर यांना डीकन केले. त्याच वर्षी बिशप युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा उरलेला तांडा परत आणला तो जोन्स यांनी. निळ्या निशाणावर 'इखाबोद', म्हणजे वैभव गेले, हा शमुवेलाच्या ग्रंथातील शब्द लिहून ते राबाईला परतले. पुढे राबाईत आसपासच्या मालकांकडून पळून आलेले गुलाम आसरा घेऊ लागले. मिशनच्या वरिष्ठांना हे अडचणीचे होते, कारण मालक शस्त्रे घेऊन दारात येत. जोन्स यांच्या राबाईत पळालेल्यांना जागा मिळत गेली. १८८८ साली मोजदाद झाली तेव्हा मिशनांत अशी सुमारे १,४०० माणसे निघाली. ब्रिटिश कंपनीने मालकांना नुकसानभरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी त्या सर्वांना मुक्ततेचे कागद वाटण्यात आले. एकेकाळी गलबताच्या तळातून काढलेल्या पोराने नाशिकला 'शरण' या शब्दाचा जो अर्थ पाहिला तो राबाईला लावून दाखविला. मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत अधिक जगले, ते १९३५ साली मोम्बासाला वारले. फ्रियरटाउनची घंटा आजही तेथे आहे आणि त्या चौकाला लोक 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, असे म्हणतात.

ही सारी कथा सांगताना आपल्या घरचा हिशेब टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १४५५ साली पोप निकोलस पाचवे यांच्या आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेतील लोकांना दास करण्याची मुभा दिली. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना व पुढे सापडणाऱ्या इतर लोकांना दास करू नये असे बजावले आणि १८३९ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला. या दरम्यानच्या काळात गोव्याच्या बाजारात आफ्रिकी माणसे लिलावाने विकली जात होती, ख्रिस्ती घरांत आणि काही मठांतही राबत होती. संत पापा जॉन पॉल दुसरे यांनी १९८५ साली कॅमेरूनमध्ये आफ्रिकी बांधवांची क्षमा मागितली. मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने त्या जुन्या आज्ञापत्रांवर उभारलेला सिद्धान्त नाकारला. क्षमा मागितली गेली, हे आनंदाचे. मागण्यासारखे काय होते, हे आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी सांगत नाही, हे तितकेसे आनंदाचे नव्हे.

आपल्या खानदेशातील धर्मग्रामे पाहिली तर ती सारी 'मूळचे कुठले?' या प्रश्नाची उत्तरे आहेत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गोवेकर, ईस्ट इंडियन, अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. सातपुड्याच्या बाजूने भिल्ल आणि पावरा ख्रिस्ती आले. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत झाल्यावर हे सारे एका धर्मप्रांतात आले. तरी मिस्सेनंतर प्रांगणात घोळके कसे उभे राहतात आणि सणाच्या जेवणात कोण वाढतो, कोण भांडी उचलतो, हे आम्ही दर वर्षी पाहतो. पुण्यात शिकावयास आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घर भाड्याने देताना कॅथलिक घरमालकही रंगाकडे पाहून अडखळतात. अंत्युखियाच्या पहिल्या ख्रिस्तसभेत शिकविणाऱ्यांत शिमोन निगेर, म्हणजे काळा शिमोन, होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात आपण सर्वांनी वाचलेले आहे.

गोव्याच्या गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकींचे वंशज मानले जाणारे सिद्दी आज उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंदगोड, अंकोला या जंगलभागात राहतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. कारवार धर्मप्रांतातील हे आपलेच बांधव. त्यांची बोली कोंकणी वळणाची, तीत मराठी शब्द भरपूर. आपल्याकडचा माणूस तेथे गेला तर बोलणे समजते आणि तोंडे पाहून चकित होतो. धर्म तीन असले तरी पितरांच्या पूजेला आणि लग्नकार्याला ते एकमेकांकडे जातात. २००३ साली केंद्र सरकारने त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत घेतले. अंबर, याकूत, वेनराइट ही नावे दुसऱ्यांनी दिलेली होती. 'सिद्दी' हेही मुळात बाहेरचेच, अरबी 'सय्यिद' या शब्दाशी जोडलेले. पण आज तेथील माणसे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, ते नाव आपण होऊन आडनावाच्या जागी लावतात. २०२० साली कर्नाटकच्या विधान परिषदेवर नेमले गेलेले त्या समाजातील पहिले आमदार शांताराम बुडना सिद्दी हे याच नावाने सभागृहात बसले.